आता तू पूजा सांगणार का? : धर्माभ्यासाचा मायनर घेताना

पहिल्या उन्हाळी सुट्टीत फलटणला आले, तेव्हा काकांनी भर पंगतीत विचारलं, "संख्याशास्त्र शिकायला गेली होतीस ना? मग हे रिलिजन मधेच कुठनं आलं? आता तू पूजा सांगणार का?" पंगत हसली, मीही हसले. उत्तर काही सुचलं नाही. पुढे तीन वर्षांनी माझ्या ट्रान्सक्रिप्टवर मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र आणि मायनर, म्हणजे सोबतचा दुय्यम विषय, रिलिजस स्टडीज अशा दोन ओळी आल्या. आता दरवर्षी ऑगस्टच्या आसपास ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो. "ताई, हा मायनर घेऊ का? झेपेल का? घरी काय सांगू?" तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढते. माझा अनुभव अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठाचा आहे. महाराष्ट्रात राहून काय करता येईल, तेही पुढे आहे.

आधी दार बघून घ्या

या विषयाला धर्माभ्यास म्हणू या. इथे कुणी तुम्हाला धार्मिक करत नाही आणि नास्तिकही करत नाही. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेम्प खटल्यात सरकारी शाळांमधलं, शाळा भरताना होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात असंही म्हटलं, की तुलनात्मक धर्म किंवा धर्मांचा इतिहास शिक्षणाचा भाग म्हणून शिकवायला हरकत नाही. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. सरकारी विद्यापीठांतले आजचे धर्माभ्यास विभाग या फरकावर उभे आहेत.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विभागाच्या दारावर काय लिहिलंय ते वाचा. 'रिलिजस स्टडीज' असेल तर एक गोष्ट, 'थिऑलॉजी' असेल तर दुसरी. थिऑलॉजी बहुधा चर्चशी नातं असलेल्या महाविद्यालयांत असते आणि तिथे एका परंपरेच्या आत उभं राहून विचार करतात. त्यात वाईट काही नाही, माझी एक मैत्रीण तिथूनच शिकली आणि वादात मला कधी ऐकली नाही. पण आपण कुठल्या दारातून आत जातोय ते ठाऊक असावं. नावावरून कळत नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांचा सिलॅबस मागवा. त्यात 'धर्म म्हणजे काय, आणि हे ठरवतं कोण' असा प्रश्न असेल, तर दार बरोबर आहे.

हिशोबाचं बोलायचं तर मायनर साधारण १५ ते २१ क्रेडिटचा असतो. माझा १८ चा होता, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे सहा कोर्स. सर्वांनी घ्यायच्या विषयांतले दोन-तीन कोर्स बहुतेक ठिकाणी यात धरून मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात जादा ओझं तीन-चार कोर्सचंच. विद्यार्थी व्हिसावर असाल तर दर सेमिस्टरला १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. बऱ्याच विद्यापीठांत १२ ते १८ क्रेडिटपर्यंत फी तीच असते, म्हणजे पाचवा कोर्स पैशाच्या दृष्टीने फुकट. वडिलांना पटवताना मला हे वाक्य फार उपयोगी पडलं. अ‍ॅडव्हायझरला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या: किती क्रेडिट दोन्हीकडे धरता येतील, वरच्या पातळीचे कोर्स किती हवेत, आणि पास-नापास पद्धतीने घेतलेला कोर्स चालेल का. शेवटचं मी विचारलं नव्हतं. बौद्ध धर्माचा कोर्स निर्धास्त व्हायला पास-नापासवर घेतला, तो मायनरला धरलाच गेला नाही, आणि शेवटच्या सेमिस्टरला एक कोर्स जास्तीचा करावा लागला.

घरचा धर्म आधी नको

आपली मुलं हमखास एक चूक करतात. पहिलाच कोर्स 'इंट्रोडक्शन टु हिंदुइझम' घेतात. मीही घेतला. आजी वारकरी, घरात रोज हरिपाठ, गणपती-गौरी, नवरात्र, म्हटलं ए कुठे जात नाही. पहिल्या निबंधाला बी मायनस.

निबंध विठ्ठलावर होता. पहिलं वाक्य होतं, 'विठ्ठल हा विष्णूचा अवतार आहे असं हिंदू मानतात.' सरांनी लाल शाईने वाक्याभोवती वर्तुळ काढून समासात लिहिलं होतं: कुठले हिंदू? कधीपासून? कोण म्हणतं? मला राग आला. हा गोरा माणूस मला विठ्ठल शिकवणार? तावातावाने त्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "फलटण म्हणजे महानुभावांचं फलटण ना?" मी गप्प. महानुभावांच्याच आबासाहेबांच्या मंदिरावरून शाळेत जात होते मी दहा वर्षं. महानुभाव कोण, त्यांचं 'लीळाचरित्र' मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीचं कसं, याचा मला पत्ता नव्हता. मग त्यांनी ग्रंथालयात एक पुस्तक बघायला सांगितलं, रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय', १९८४ सालचं. मराठीतलं पुस्तक, अमेरिकेतल्या ग्रंथालयात. विठ्ठलाचं मूळ ढेरे गवळी-धनगरांच्या दैवतात शोधतात आणि मग त्याचं वैष्णवीकरण कसं झालं ते दाखवतात. मी दोन रात्री जागून वाचलं. पटलं की नाही हा भाग निराळा, पण माझ्या पहिल्या वाक्यात आठशे वर्षं गुंडाळून ठेवलेली होती, एवढं दिसलं.

तेव्हापासून माझा सगळा मायनर त्या समासातल्या तीन प्रश्नांवर चालला. तुम्हाला एकच युक्ती न्यायची असेल तर ही न्या. धर्माविषयी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला कर्ता, गाव आणि साल जोडा. 'हिंदू मानतात', 'इस्लाममध्ये स्त्रियांना', 'बौद्ध धर्म शांततेचा' ही वाक्यं सुटी ठेवू नका. माझं वाक्य दुरुस्त होऊन असं झालं: 'माझ्या आजीच्या दिंडीतल्या बायका विठ्ठलाला विष्णूचा अवतार म्हणतात, पण हाक मारताना माउली म्हणतात.' लांबलं खरं, पण आता त्यात माणसं आली.

तर पहिला कोर्स परक्या धर्माचा घ्या. मला विचाराल तर यहुदी किंवा इस्लाम. तिथे आपल्याला काही येत नाही हे ठाऊक असतं, म्हणून आपण नीट वाचतो. घरच्या धर्माकडे तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला वळा.

वर्गात दुसरा एक सापळा असतो. वीस मुलांत तुम्ही एकटे भारतीय. कर्म, गाय, जात, काहीही निघालं की वीस माना तुमच्याकडे वळतात. तेव्हा शंभर कोटींचे वकील होऊ नका. "आमच्या घरी असं करतात, बाकीच्यांचं वाचून सांगते" एवढं म्हणायचं. जातीवर प्रश्न आला की आपली मुलं एकतर बचावाला उभी राहतात नाहीतर जमिनीकडे बघतात. मी जमिनीकडे बघितलं होतं. त्यापेक्षा माहीत आहे ते सांगावं: चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर पायरीपाशी आहे, आणि दलितांना आत जाऊ द्यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. याला कर्ताही आहे, गावही आणि सालही.

वही, बूट आणि शनिवार

जवळजवळ प्रत्येक कोर्सला एक 'साइट व्हिजिट' असते. आपल्या धर्माचं नसलेलं एखादं प्रार्थनास्थळ बघायचं आणि पाच पानं लिहायची. मुलांना हे सगळ्यात सोपं वाटतं, आणि चुकतं सगळ्यात जास्त तिथेच.

माझी पहिली भेट एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, शनिवारी सकाळी. आठवडाभर आधी ईमेल करून परवानगी घेतली होती, साधे कपडे, वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर, सगळं नीट. आत बसले आणि वही-पेन काढलं. शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता माझ्या वहीवर हात ठेवला. शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं हे काम धरलं जातं, आणि काम वर्ज्य. दोन आठवडे शब्बाथवर वाचून मी हजर झाले होते, परीक्षेत विचारलं असतं तर पाच गुण मिळवले असते, आणि हातात पेन! नंतरच्या फराळाला त्याच बाईंनी मला बोलावून बसवलं, कुठली म्हणून विचारलं. मी महाराष्ट्र म्हटलं. सोमवारी सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांबद्दल बोलू लागले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठीतून कीर्तनं करणारे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला पोह्यांचा मलिदा करणारे. पुण्यातलं लाल देऊळ मी शेकडो वेळा रिक्षातून बघितलं होतं. ते सिनेगॉग आहे हे मला अमेरिकेत कळलं.

दुसरी भेट क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेची. एक साधी खोली, खुर्च्या गोलात, वेदी नाही, पाद्री नाही, गाणं नाही. तासभर सगळे गप्प. मधे एक गृहस्थ उठले, आईच्या आजारपणाबद्दल चार वाक्यं बोलले आणि बसले. शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवले आणि सभा संपली. माझ्या वहीत घरी आल्यावर पहिलं वाक्य उतरलं, 'काहीच झालं नाही.' देवळातली घंटा, अभंग, ढकलाढकली यांतच धर्म असतो असं माझ्या कानांनी ठरवून टाकलं होतं. मग पुन्हा लिहायला बसले: घड्याळ होतं का? खुर्च्या कुणी मांडल्या? लहान मुलं किती वेळ होती? कोण कुठे बसलं? पाच पानं भरली.

त्यावरून काढलेली माझी पद्धत अशी. वहीची डावी बाजू दिसलं-ऐकलं त्याला, उजवी बाजू मला वाटलं त्याला. 'लोक भक्तिभावाने उभे होते' हे उजवीकडचं. 'लोक डोळे मिटून, हात जोडून, चपला हातात धरून उभे होते' हे डावीकडचं. जागेवर लिहिता येत नसेल तर बाहेर पडल्यावर गाडीत बसून लगेच लिहा, झोपून उठल्यावर निम्मं गेलेलं असतं. फोटो विचारल्याशिवाय नाही. कॅथलिक मिसला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, प्रसादासारखी रांग लागलेली दिसेल, त्या रांगेत उभं राहू नका, ते पंथातल्या लोकांसाठी असतं. गुरुद्वारात डोकं झाका आणि लंगरला अवश्य बसा. मशिदीत मुलींनी आधी विचारावं, बायकांचं दार वेगळं असतं का. पारशांच्या अग्यारीत इतरांना प्रवेश नाही, तिथे आग्रह धरू नये. आणि हो, मोजे धुतलेले घाला. बूट काढायची वेळ कुठेही येते.

थिअरीचा कोर्स

याच्या नावाने सगळे घाबरतात. आठवड्याला शंभर पानं, वाक्यं गाडीच्या डब्यांसारखी लांब. एवढंच करा: प्रत्येक लेखक कुठल्या प्रश्नाला उत्तर देतोय ते एका ओळीत लिहून मगच वाचा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवरून धर्माचा सिद्धांत मांडला, स्वतः ऑस्ट्रेलियात पाऊल न ठेवता. त्याचा प्रश्न होता, समाज एकत्र कशाने राहतो. समाजशास्त्रज्ञ वेबरचा प्रश्न वेगळा, मानववंशशास्त्रज्ञ गीर्ट्झचा आणखी वेगळा, आणि मग दुसरे मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद येऊन म्हणतात की धर्माची ही जी सार्वत्रिक व्याख्या तुम्ही करताय तिलाच युरोपचा इतिहास चिकटलेला आहे. इथेही प्रश्न तोच: कोण म्हणतं, कधी, कुठून.

हाताशी धरायला निनियन स्मार्ट बरे. त्यांनी १९६७ साली इंग्लंडमध्ये लँकेस्टरला धर्माभ्यासाचा विभाग उभा केला आणि धर्माच्या सात बाजू सांगितल्या. मी त्या वारीला लावून बघितल्या. विधी म्हणजे एकादशी आणि माळ. कथा म्हणजे पुंडलिकाची वीट. अनुभव म्हणजे आजी रिंगणाबद्दल बोलताना रडते ते. समाज म्हणजे दिंडी. नीती म्हणजे माळ घातल्यावर मांस-मद्य बंद. तत्त्व ज्ञानेश्वरीत. वस्तू म्हणजे डोक्यावरचं तुळशीवृंदावन, पताका, बुक्का. परीक्षेला हे झकास बसतं. पण रकाने भरले म्हणजे वारी कळली असं नाही. इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेख वाचा. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे बघून त्यांना किती अस्वस्थ वाटलं, ते सातांतल्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

'धर्म' आणि 'रिलिजन' हे दोन शब्द एकमेकांवर बसत नाहीत, याचा आपल्याला उलट फायदा आहे. दानधर्म, शेजारधर्म, पाण्याचा धर्म वाहणं, यातलं काहीच रिलिजन नव्हे. बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात रिलिजन आणि धम्म यांत स्पष्ट भेद केला: रिलिजन व्यक्तीपुरतं, धम्म सामाजिक, एकाला जग कसं झालं ते सांगायचंय, दुसऱ्याला जग नव्याने घडवायचंय. थिअरीच्या वर्गात हे युरोपियन लेखकांच्या शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या टेबलाभोवती आपल्याकडचीही खुर्ची आहे. तुमच्या सिलॅबसमध्ये नसेल तर निबंधासाठी स्वतःहून मागा. आमच्या बाईंनी आनंदाने दिलं.

आणि मराठी लपवू नका. वर्गातली मुलं भाषांतरांवर अवलंबून असतात, तुम्ही मूळ वाचू शकता. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयीच्या डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश फुकट आहेत. पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसेल तर दुसऱ्या विद्यापीठातून मागवून देतात, पैसे लागत नाहीत. एलिनॉर झेलियट आणि फलटणमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८८ साली महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावर संपादित केलेलं पुस्तक मी असंच मागवलं. आमचं फलटण सातासमुद्रापार, छापील इंग्रजीत.

महाराष्ट्रात असाल तर

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला मेजर-मायनर आले, पण धर्माभ्यास या नावाची पाटी क्वचित दिसते. तेव्हा जोडून घ्या. तत्त्वज्ञान, पाली, संस्कृत, इतिहास, समाजशास्त्र यांतला जो मायनर मिळेल तो घ्या आणि प्रकल्पाचा विषय धर्माकडे वळवा. पुण्यात विद्यापीठाचा पाली विभाग आहे आणि १९१७ पासूनचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. मुंबईत झेवियर्समध्ये भारतीय इतिहास-संस्कृतीची हेरास इन्स्टिट्यूट आहे. पुस्तकं मराठीत भरपूर आहेत, अमेरिकेतल्या मुलांनी हेवा करावा इतकी.

माझी मावसबहीण पुण्यात तत्त्वज्ञानाचा मायनर करते. तिने जेजुरी निवडली आणि सोमवती अमावास्येला जाऊन भंडाऱ्याचे फोटो काढून आली. मी म्हटलं, हे झालं, आता एखाद्या रिकाम्या मंगळवारी दुपारी तीनला जा. ती गेली. पायऱ्या झाडणारी बाई, दुकानात डुलक्या घेणारा भंडारावाला, गावात राहणाऱ्या एक वयस्क मुरळी, सगळे बोलायला मोकळे. बानूबाई धनगराची आणि म्हाळसा वाण्याची, मग देवाची खरी बायको कुठली, यावर दुकानदार आणि मुरळीचं तिच्यासमोरच जुंपलं. अमावास्येच्या गर्दीत हे मिळालं नसतं.

घरी काय सांगायचं

नोकरीचं विचारतील. खरं सांगा: नोकरी मेजरवर मिळते. माझ्या मुलाखतीत मात्र दहापैकी सात मिनिटं मायनरवर गेली, कारण रिझ्युमेत तेवढीच एक ओळ त्यांना नवी होती. श्रद्धेचं विचारतील. माझी देवावरची श्रद्धा वाढली की घटली ते मला मोजता आलेलं नाही. मी अजून हरिपाठ म्हणते, फक्त म्हणताना पाठभेद आठवतात आणि चाल चुकते.

आजीला मी शेवटच्या प्रकल्पासाठी फोनवर विचारलं होतं, "तू वारीला का जातेस?" ती म्हणाली, "का म्हंजे? जायाचं असतं." या उत्तरावर मी चौदा पानं लिहिली. ए मिळाला. सुट्टीत आले तेव्हा आजीने ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. माजघरात बसून अख्खा निबंध सांगितला तिला, दुर्खीमसकट. मधे दोनदा तिचा डोळा लागला. पालखी फलटणला येते, विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो, हे ऐकून ती नीट सावरून बसली. दिंड्यांच्या क्रमाशी आले तेव्हा तिने हात वर केला.

"आमची दिंडी कुठं लिवलीस?"

"रथापुढे."

"रथाम्होरं न्हवं. रथामागं. बारा वर्सं चालतेय मी. कोण म्हन्लं तुला पुढं?"

त्या रात्री दुरुस्त केलेली प्रत मी सरांना ईमेलने पाठवली.